खळ्यावरचा तीनताल

नाच शिकायला मला घातलं होतं, आईला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट निघाली की सगळे आधी आईचं कौतुक करतात आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, ‘हीसुद्धा जायची ना क्लासला?’ हीसुद्धा. जशी काही मीच तिच्या पदराला धरून गेले होते.

खरी गोष्ट अशी, की चौथीत असताना मी वर्गात एका जागी बसत नसे. बाकाखाली माझे पाय सतत चालू असायचे आणि पुढच्या मुलीच्या दप्तराला लाथा बसायच्या. शाळेतल्या बाईंनी एक दिवस आईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, हिच्या पायांना काहीतरी काम द्या. पंचवटीत एका शाळेच्या सभागृहात कथकचा क्लास चालायचा, तिथे घाला म्हणाल्या. कथक म्हणजे काय हे आईला ठाऊक नव्हतं. हे जुनं नृत्य आहे, पूर्वी देवळांतून कथा सांगणारे लोक ते करायचे, आणि त्याची रीतसर परीक्षा असते, असं बाईंनी समजावलं. परीक्षा म्हटल्यावर आईला ते अभ्यासाच्या जवळपासचं वाटलं. घरी येऊन तिने वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, ‘जादाचा क्लास’ एवढंच सांगितलं.

हा जादाचा क्लास नाचाचा आहे हे दादांना महिनाभरात कळलंच. आमच्या घरात ‘नाच’ हा शब्द फक्त जत्रेतल्या तंबूसाठी वापरला जायचा, आणि तोही बायकापोरं जवळ नसताना. दादा रागावले नाहीत. त्यांना रागावताच येत नसे, ते फक्त गप्प व्हायचे. तसे ते दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, ‘लहान हाय तवर ठीक हाय.’ माझ्यापुरता तो विषय संपला. मला तरी संपला असंच वाटलं.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. मेथी, कोथिंबीर, पालक आणि विहिरीच्या कडेने मोगऱ्याच्या तीन ओळी. पालेभाजीचा लिलाव संध्याकाळी असल्यामुळे दादा चारच्या सुमारास माल भरून जे निघायचे ते दिवेलागणीलाच परतायचे. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. मला एकटीला शहर बसमध्ये बसवायची आईची तयारी नव्हती, म्हणून मंगळवारी आणि शनिवारी ती माझ्याबरोबर यायची. पण हात रिकामे ठेवून बसणं तिच्या रक्तातच नाही. ती ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या बांधून आणायची आणि क्लास संपेपर्यंत व्हरांड्याच्या पायरीवर बसून गजरे करायची. परतताना ते देवळाजवळच्या एका फुलवालीकडे द्यायची.

आमच्या ताई, म्हणजे नाचाच्या बाई, पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि आवाज असा की रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा सरळ चालायला लागावा. हातातल्या दांडक्याने लाकडी पाटावर ठेका द्यायच्या आणि तोंडाने बोल म्हणायच्या. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तीनतालाच्या सोळा मात्रा, पुन्हा सोळा मात्रा. आम्ही वीसेक मुली फरशीवर पाय आपटायचो. मला तो आवाज फार आवडायचा. नाच वगैरे नाही, आवाज. शाळेत ज्या गोष्टीसाठी मार बसत होता ती इथे कितीही करा म्हणत होते.

क्लासला लागून पाच-सहा महिने झाले असतील. ताईंनी आम्हाला पहिली तिहाई शिकवली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घ्यायचा, आणि तिसऱ्यांदा त्याचा शेवटचा पाय बरोबर पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. त्या मात्रेला सम म्हणतात. सम चुकली तर आधीचं सगळं पाण्यात. मला वाटत होतं की मला ती छान जमते. परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, ‘तू तिसऱ्या वेळी घाई करते.’

मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? ती बाहेर बसलेली असते, तिला तर आम्ही दिसतही नाही. तर ती म्हणाली, दिसायला कशाला पाहिजे? तिने ओंजळीतला दोरा दाखवला. गजरा बांधताना चार कळ्या ठेवून गाठ मारायची, पुन्हा चार कळ्या, पुन्हा गाठ. बाईंच्या दांडक्याच्या नादाने तिचे हात आपोआप त्याच चालीत चालायला लागले होते. ‘माझी गाठ अन् बाईंची काठी एकदम पडते,’ ती म्हणाली. ‘तुझा पाय आधीच येऊन बसलेला असतो.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या वेळी मी मुद्दाम कान देऊन पाय टाकला आणि पाहिलं, तर ते खरं होतं. मी समेच्या एक केसभर आधी पोचत होते. खरं निघाल्यामुळे राग जास्तच आला.

ताईंच्या ते लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. त्यांच्या पाटावरून दारातून व्हरांडा दिसायचा. आम्ही वीसजणी वीस ठिकाणी समेवर यायचो आणि पायरीवरच्या त्या गजरेवालीची मान तेवढी नेमक्या मात्रेवर हलायची. एका शनिवारी ताई ठेका थांबवून बाहेर गेल्या. आईला वाटलं, पायरीवर कचरा केला म्हणून बोलायला आल्या. ती घाईघाईने देठं आणि पाकळ्या पदरात गोळा करायला लागली. ताई म्हणाल्या, आत येऊन मागच्या रांगेत उभ्या राहा. आईने पाय साडीत ओढून घेतले. भेगा पडल्यात, माती आहे, असलं काहीतरी पुटपुटली.

‘नळ तिकडे आहे,’ ताई म्हणाल्या.

आई उठली आणि पाय धुऊन आली. मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. आत्याच्या लग्नात बायकांनी फुगडीला ओढलं तर हात सोडवून घेणारी माझी आई, ती नळावर गेली, टाचा घासघासून धुतल्या, नऊवारी नव्हती तरी पाचवारीचाच पदर कमरेला करकचून खोचला आणि माझ्या मैत्रिणींच्या मागे जाऊन उभी राहिली. पोरी फिदीफिदी हसल्या. मी पुढच्या रांगेतल्या टोकाच्या कोपऱ्यात सरकले. बसमध्ये तिला म्हटलं, हा माझा क्लास आहे, तू कशाला आलीस? ती मखमलाबाद येईपर्यंत खिडकीबाहेर बघत हसत होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी त्या दिवशी दुष्ट होते.

त्यानंतर वर्षभर आई मागच्या रांगेत नाचली. गजरे ती आता सकाळीच उरकायची. तिच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त कशाने जळवलं असेल तर ताई तिला चुका सांगण्याऐवजी प्रश्न विचारायच्या याने. नाच सुरू करण्याआधी आम्ही जमिनीला हात लावून नमस्कार करायचो. ताईंनी एकदा विचारलं की हा कशासाठी, सांगा. आम्ही मुलींनी पाठ केलेलं उत्तर दिलं, की भूमी पूज्य आहे म्हणून. आई म्हणाली, आता तिला पायाने इतकं तुडवायचं, तर आधी सांगून टाकलेलं बरं. नांगर घालताना आम्ही पण सांगतो. ताई म्हणाल्या की तीस वर्षं मी शिकवते आहे, हे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मटकीचं तर विचारूच नका. कथकात गत म्हणून एक प्रकार असतो, त्यात मटकी, म्हणजे घागर, घेऊन पाण्याला निघालेली बाई दाखवायची. एक हात वर, दुसरा कमरेवर, आणि लचकत लचकत चालायचं. आम्ही मुली त्यात अगदी रमायचो. आईला ते करताना हसू आवरेना. ताईंनी विचारल्यावर म्हणाली, ‘भरलेला हंडा घेऊन असं मुरडत गेलं तर मान मोडेल, बाई.’ मग तिने चालून दाखवलं. मान स्थिर, नजर समोर पण लक्ष पायाशी, कंबर हलते ती फक्त तोल सांभाळण्यापुरती. डोक्यावर काही नव्हतं आणि तरी मला हंड्याच्या काठावरून सांडलेला थेंब तिच्या कपाळावर दिसला. शप्पथ सांगते, दिसला. तिने तो बोटाने निपटलाही. त्या दिवसापासून ताईंच्या क्लासमध्ये मटकीची चाल बदलली.

हे सगळं दादांना माहीत नव्हतं. आईने खोटं सांगितलं नाही, फक्त खरं सांगायचं पुढे ढकललं. ताईंनी तिला आपले जुने घुंगरू दिले होते, ते तिने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीमागे गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. दादा चार वाजता निघाले की ती घुंगरू काढायची आणि खळ्यावर सराव करायची. आमचं खळं विहिरीला लागूनच. गव्हाची मळणी होऊन गेल्यावर शेणाने सारवून घोटलेलं, गुळगुळीत, कथकसाठी त्याहून चांगली जमीन मी पुढे मोठमोठ्या सभागृहांतही पाहिली नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि ताईंनी जाहीर केलं की यंदाच्या गुरुपौर्णिमेला प्रत्येकीने एकटीने स्टेजवर नाचायचं. प्रत्येकीने म्हणजे आईनेसुद्धा. तिला त्यांनी तुकडे म्हणतात तशा बोलांच्या दोन छोट्या रचना, मटकीची गत आणि शेवटी नऊ चकरांची तिहाई बसवून दिली. आता दादांना सांगण्यावाचून इलाज नव्हता. स्टेजवर नाचायचं म्हणजे गावभर होणार. आई रोज ठरवायची की आज सांगते. मग दादा बाजारातून दमून यायचे, किंवा भाव पडलेला असायचा, किंवा छान हसतखेळत जेवायचे आणि मग तो आनंद कशाला घालवा असं तिला वाटायचं. ‘लहान हाय तवर ठीक हाय’ हे वाक्य तिने माझ्याइतकंच ऐकलं होतं, आणि ती काही लहान नव्हती.

मग तो काकूंचा घोटाळा झाला.

शेजारच्या मळ्यातल्या काकू पाण्याची पाळी विचारायला आमच्याकडे आल्या. शुक्रवार होता, वेळ पाचची. आई खळ्यावर चकरा घेत होती. टाचेवर गरकन फिरायचं, पुन्हा, पुन्हा, अशा नऊ. अंबाडा सुटून केस मोकळे झाले होते, पायात घुंगरू, तोंडाने बोल, कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर ओघळलेलं. आमच्या भागातल्या बाईला एखादी बाई अशी एकटीच गरगर फिरताना दिसली तर त्याचा एकच अर्थ होतो. काकूंनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आईच्या पायाशी लोटांगण घातलं.

‘आई गं, माऊली, माझी गाय कधी व्यायची तेवढं सांग.’

आईला नऊ चकरांनंतर जग फिरताना दिसत होतं आणि छाती भात्यासारखी हलत होती. बोलणं शक्यच नव्हतं. थांब म्हणायला तिने हात वर केला. काकूंनी पाच बोटं मोजली, पुन्हा एकदा डोकं टेकलं आणि पाण्याची पाळी न विचारताच निघून गेल्या. मी कडब्याच्या गंजीमागे हसून हसून लोळत होते. ती गाय इतकी भरली होती की कोणत्याही पोराने चार-सहा दिवस सांगितले असते. पण ती नेमकी पाचव्या दिवशी व्याली आणि पाडीही झाली.

पुढच्या शुक्रवारी दादांचा टेम्पो वळणापलीकडे गेला न गेला तोच काकू आणखी तीन बायकांना घेऊन हजर. हातात नारळ, हळदकुंकू, एकीजवळ पेढ्यांची पुडी. गडावरची देवी दर शुक्रवारी आमच्या खळ्यावर येते, असं वस्तीत झालं होतं. आईने तोवर घुंगरू बांधलेले होते. ती जरा घुटमळली. मला वाटलं, आता सांगेल. पण समोर चार बायका मांडी घालून बसलेल्या, आणि तिने आजवर क्लासबाहेर कुणासमोर नाच केलेला नव्हता. तिला मोह झाला. ती नाचली. नाच झाल्यावर एकीने मुलीच्या सोयरिकीचं विचारलं, एकीने सासूच्या गुडघ्याचं. आई म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. देवी लगेच कुठे सांगते, असं म्हणून त्यांनी तिला कुंकू लावलं आणि पुढच्या शुक्रवारी येतो म्हणाल्या.

मी खूश होते. पेढे मिळाले होते आणि मुख्य म्हणजे माझ्या मते सगळे प्रश्न सुटले होते. मी आईला समजावून सांगितलं, की आता लपायचं कारणच नाही. देवी म्हणून कितीही नाच, कुणी काही बोलणार नाही, दादासुद्धा नाही. उलट पाया पडतील. गुरुपौर्णिमेला पण देवीच आली म्हणून सांगू.

आई पेढा न खाता बसली होती. ‘कुणी बघतच नाय गं,’ ती म्हणाली. ‘सगळ्या डोळे मिटून बसतात.’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच, नाच सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्या चौघीजणी हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. हंडा नाही, तुकडे नाहीत, त्यांनी फक्त घुंगरू ऐकले होते. आई म्हणाली, ‘नऊ चकरा बसवायला मला दीड महिना लागला. मेहनत माझी अन् नाव तिचं.’ हे बोलल्यावर ती दचकली, गडाच्या दिशेला तोंड करून दोन्ही गालांत चापट्या मारून घेतल्या, माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. वर्षभरात मी पहिल्यांदा तिच्याबरोबर हसले. त्या दिवसापासून मला तिचा राग येईनासा झाला, हेही सांगायला हवं.

पुढच्या शुक्रवारी सातजणी आल्या. आणि त्याच दिवशी बाजारात हमालांनी काम बंद ठेवलं होतं. दादांना फाटकावरूनच परत फिरावं लागलं. मला टेम्पोचा आवाज आला तेव्हा आई दुसरा तुकडा संपवून चकरांच्या तयारीत होती. मी हातवारे केले, पण ती नाचताना कुणाचं ऐकते? दादा कोथिंबिरीचं गाठोडं खांद्यावर घेऊन विहिरीपाशी आले आणि जागच्या जागी थिजले. काकू लगबगीने उठून त्यांच्याकडे गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, चपला काढा, बायकोच्या अंगात आलंय तुमच्या.

दादांनी गाठोडं खाली ठेवलं. चपला काढल्या. त्यांच्या तोंडावर भीती होती, आणि ती आईविषयीचीच होती. मग त्यांनी हात जोडले आणि मान लववून डोळे मिटले.

आई पाचव्या चकरेत होती. फिरता फिरता तिला दर वळणावर ते थोडे थोडे दिसत असणार. आधी चपला काढताना, मग हात जोडताना, मग डोळे मिटताना. सहाव्या चकरेला ती थांबली. अर्ध्यातच. नाचात ती अर्ध्यात थांबलेली मी त्याआधी आणि नंतरही कधी पाहिली नाही.

‘माझ्या अंगात कुणी आलेलं नाय,’ ती म्हणाली. तिला धाप लागलेली होती, पण शब्द स्वच्छ होते. ‘मी नाचतेय. हिच्याबरोबर क्लासला जाते, वर्ष झालं. गुरुपौर्णिमेला मला स्टेजवर नाचायचंय.’

विहिरीवर मोटार चालू होती, तिचाच काय तो आवाज. सगळ्यात आधी काकूंना वाचा फुटली. त्यांनी विचारलं, मग माझी गाय? आई म्हणाली की गाय तिच्या वेळेने व्याली. काकूंनी त्यावर बराच विचार केला.

दादांनी हात खाली घेतले. डोळे उघडले होते, पण नजर जमिनीवर. ‘मला का नाय सांगितलं?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही नको म्हणाले असते तर मी थांबले असते,’ आई म्हणाली. ‘अन् मला थांबायचं नव्हतं.’

दादा आता गप्प होतील आणि त्यांचं गप्प होणं यावेळी दोन दिवसांत संपणार नाही, हे मला दिसत होतं. ते खाली बघतच म्हणाले, ‘म्हणालो असतो.’ आणि गप्प झाले. आई खळ्याच्या मधोमध उभी होती. घुंगरू सोडायला ती वाकली.

‘ते नवराबायकोचं घरी जाऊन बोला,’ काकू म्हणाल्या. त्या पुन्हा मांडी घालून बसल्या होत्या. ‘दोन शुक्रवार उन्हातान्हाचं येऊन डोळे मिटून बसलो. आता उघडे ठेवून बघू तर दे. नाच.’

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. त्या इतक्या लांबून चालत आल्या होत्या आणि नारळ काही त्या परत नेणार नव्हत्या. आईने दादांकडे पाहिलं. दादा हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. मग तिने माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ ती नाचता नाचता स्वतःच बोल म्हणत होती, पण आता दम राहिला नव्हता. मी धावत जाऊन एक क्रेट पालथं घातलं, त्यावर हाताने ठेका धरला आणि बोल म्हणायला लागले.

आईने खळ्याला हात लावून नमस्कार केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या तुकड्याला बायका नुसत्या टकामका बघत होत्या. पण मटकी निघाली आणि त्यांच्यात हालचाल सुरू झाली. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. आईने वाकून हंडा बुडवला, गुडघ्याचा आधार देऊन वर उचलला, डोक्यावर ठेवताना क्षणभर तोल गेला आणि सातही बायकांचे हात सावरायला वर झाले. मग त्या स्वतःलाच हसल्या, आणि नाच म्हणजे काही अवघड, परकं, लांबचं असावं असा जो एक ताण त्यांच्या खांद्यांत होता तो गेला. आईच्या चेहऱ्यावर मी तसलं सुख आधी पाहिलं नव्हतं. ती कुणाच्या तरी डोळ्यांत बघून नाचत होती.

चकरा सुरू झाल्या तशा बायका मोठ्याने मोजायला लागल्या. आमच्याकडे धान्य मापताना किंवा जुड्या मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हाताला वळण तेच, म्हणून त्यांनी चकराही तशाच मोजल्या. लाभ, दोन, तीन, चार. माझा ठेका आणि त्यांची मोजणी एकमेकांत मिसळली. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. नववी चक्कर, मग पाय तीनदा, आणि तिसऱ्यांदा तो बरोबर समेवर पडला. सम म्हणजे काय हे ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्या सातजणींच्या तोंडून एकदमच ‘हं’ निघालं.

काकूंनी उठून विहिरीच्या दगडावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा आईच्या हातावर ठेवला. बायका एकदम बोलायला लागल्या. किती दिवस लागतात शिकायला, पाय सुजत नाहीत का, चक्कर कशी येत नाही, गुरुपौर्णिमेला बसने किती वाजता निघायचं. आई हसत होती, उत्तरं देत होती, आणि तिचं अर्धं लक्ष त्या बोलण्यात नव्हतं.

दादा जिथे होते तिथेच अनवाणी उभे होते. मी हळूच त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचे डोळे वर होते. ते बायकांमधून वाट काढत खळ्यापर्यंत आले.

‘मी निम्म्यापर्यंत खालीच बघत होतो,’ ते आईला म्हणाले. ‘परत एकदा करते का?’

आईने हातातलं खोबरं काकूंकडे दिलं, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, ‘पहिल्यापासून म्हण.’